विदर्भातल्या गावात बसून रॉक अल्बम कसा काढायचा

दारव्हा, मोर्शी, मेहकर, देसाईगंज, कुठल्याही तालुक्याच्या गावी गेलात तर गिटार घेऊन बसणारे दोन-चार पोट्टे हमखास सापडतात. एकाकडे जुना ड्रम सेट असतो, एकजण वऱ्हाडीत गाणी लिहितो आणि सगळ्यांचं एकच ठरलेलं असतं: पैसे जमले की नागपूर नाहीतर पुण्याला जायचं आणि स्टुडिओत अल्बम करायचा. पैसे जमेपर्यंत एकाला नोकरी लागते, दुसऱ्याचं लग्न होतं आणि गाणी मोबाइलमध्येच राहून जातात. ती राहू नयेत म्हणून हे लिहितो आहे.

शहरातला बँड तासाच्या भाड्यानं जागा घेतो आणि घड्याळाकडे बघत वाजवतो. तुमच्याकडे पैसा नसेल, पण जागा आहे आणि सलग रात्री आहेत. अल्बमचं बहुतेक काम याच दोन गोष्टींवर होतं. पैसा मोजक्याच ठिकाणी लागतो. जगात सगळीकडे गाजलेल्या 'निर्व्हाना' या बँडनं १९९३ साली शेवटचा स्टुडिओ अल्बम केला, तो न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसात नाही, तर मिनेसोटातल्या कॅनन फॉल्स या छोट्या गावाबाहेर, झाडीत असलेल्या स्टुडिओत. भर हिवाळ्यात, जवळपास दोन आठवड्यांत काम उरकलं. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी बँडला एकत्र वाजवायला लावायचे आणि खोलीचा आवाज जसाच्या तसा पकडायचे. बँडची तयारी पक्की असली की ही पद्धत चालते, आणि तयारीला गावासारखी जागा नाही.

आधी गाणी पक्की करा

सात किंवा त्याहून जास्त गाणी, किंवा एकूण अर्ध्या तासाच्या वर संगीत असेल तर ॲपलसारखे प्लॅटफॉर्म त्याला अल्बम म्हणतात. चार ते सहा गाणी आणि अर्ध्या तासाच्या आत असेल तर ती ईपी. पहिल्या खेपेला आठ-नऊ गाण्यांचा, पस्तीस-चाळीस मिनिटांचा अल्बम पुरे. त्यासाठी बारा-चौदा गाणी तयार ठेवा आणि कमजोर ती काढून टाका. कुठलं काढायचं यावर बँडमध्ये भांडण होईल. ते आत्ताच होऊ द्या, रेकॉर्डिंगच्या रात्री नको.

तालमीत फोन खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवून प्रत्येक गाणं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी वावरात जाता-येता ऐका. ज्या जागी तुमचंच लक्ष उडतं, ती जागा कापा. एक शाळेची वही घ्या आणि प्रत्येक गाण्याला एक पान द्या. त्यावर गाण्याचा वेग, पट्टी, गिटारचं ट्युनिंग, किती वेळा मुखडा, किती अंतरे, कुठे सगळे थांबतात, सगळं लिहा. वेग आकड्यात हवा, 'थोडं फास्ट' चालणार नाही. मोबाइलवरचं मोफत मेट्रोनोम लावून ठरवा: ९२, ११८, १४०, जे असेल ते.

अल्टरनेटिव्ह रॉकची, म्हणजे निर्व्हानासारखे बँड वाजवतात त्या रॉकची, सगळी ताकद चढ-उतारात आहे. अंतरा दबका, जवळजवळ पुटपुटल्यासारखा, आणि मुखड्याला सगळं अंगावर येतं. गावातल्या बँडमध्ये मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की दोन्ही गिटार पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच जोरानं वाजत असतात. मग मुखडा मोठा वाटणार कसा? अंतऱ्यात एका गिटारवाल्याला हात बांधून बसवा. बेस गिटार आणि ड्रमची किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) एका ठोक्यावर पडतात का, ते फक्त त्या दोघांना वाजवायला लावून तपासा. एवढं केलं तरी गाणं निम्मं सुधारतं.

शब्दांबद्दल एकच विनंती. घरी डोळ्यांना 'डोये' म्हणता तर गाण्यातही 'डोये' म्हणा. पुस्तकी उच्चार करायला गेलं की गळा आखडतो आणि ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

कधी आणि कुठे

या भागावर मी जास्त लिहितो, कारण शहरातले लेख वाचून हे कळत नाही.

उन्हाळ्यात रेकॉर्डिंग ठेवू नका. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. कूलर लावला तर त्याची घरघर प्रत्येक माइकमध्ये शिरते, बंद केला तर दहा मिनिटांत गिटारच्या तारा उतरतात, ड्रमवाल्याला भोवळ येते आणि लॅपटॉप तापून अडखळायला लागतो. पावसाळ्यात टिनाच्या छपरावर सर पडली की सगळं थांबतं. ती गेली की बेडूक आणि रातकिडे सुरू होतात.

सगळ्यात चांगला काळ पौषाचा, डिसेंबरअखेर ते जानेवारी. कूलर नाही, पाऊस नाही, रातकिडे जवळपास गप्प. शिवाय पौषात लग्नं जवळपास नसतातच, त्यामुळे मंगल कार्यालय रिकामं असतं आणि मालक दोन रात्रींसाठी हॉल स्वस्तात देतो. अडचण एकच: हेच कापूस वेचणीचे आणि हरभरा-गव्हाच्या ओलिताचे दिवस. शेतीच्या लाइनची (विजेची) पाळी रात्रीची असेल तर तुमचा बेसवाला रात्री वावरात असणार. त्यामुळे वेळापत्रक पाळीप्रमाणे लावा. कुणाच्या घरी कधी वेचणी, कुणाची ओलिताची कोणती रात्र, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मगच तारखा ठरवा.

ड्रमला मोठी आणि उंच जागा लागते, म्हणून मंगल कार्यालय, शाळेचा हॉल किंवा रिकामं गोदाम. हॉल फारच घुमत असेल तर कार्यालयातल्याच गाद्या ड्रमच्या मागे आणि दोन्ही बाजूंना उभ्या करा, भिंतीला चिकटवून नाही, वीतभर अंतर सोडून. मधल्या हवेच्या पट्टीमुळे तीच गादी जास्त आवाज शोषते.

गाण्याच्या आवाजाला याच्या उलट, मेलेली खोली लागते, जिथे टाळी वाजवली तर ती तिथेच विरते. आणि ही खोली आपल्याकडे आहे. भाव वाढेल म्हणून ज्या घरात कापूस भरून ठेवलाय, त्या खोलीत जाऊन एकदा टाळी वाजवून बघा. इतकी शांत जागा शहरातले लोक फोमवर बराच पैसा घालून बनवतात. पातळ फोम किंवा रजई फक्त वरचे, टोकदार आवाज खाते. १०० हर्ट्झच्या खर्जाची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिच्यावर पातळ रजईचा काही परिणाम होत नाही. कोपऱ्यात छातीएवढा रचलेला कापूस मात्र तिलाही बऱ्यापैकी आवरतो.

पण इथे दोन गोष्टी कटाक्षानं पाळा. कापसावर चादरी झाका, कारण त्याचे तंतू गायकाच्या घशात जातात आणि जास्त वेळ बसलं की अंगाला खाज सुटते. आणि त्या खोलीत ॲम्प्लिफायर, एक्स्टेंशन बोर्ड, इस्त्री, अगरबत्ती, काहीही तापणारं नेऊ नका. फक्त माइक आणि हेडफोनची वायर आत जाईल, बाकी सामान दाराबाहेर. तो कापूस म्हणजे कुणाच्या तरी वर्षभराची कमाई आहे.

लाइनचं बघा

रेकॉर्डिंगमध्ये येणारी 'हूं' ही पन्नास हर्ट्झची घरघर बहुतेक वेळा अर्थिंगची असते. आपली काळी माती उन्हाळ्याकडे वाळून भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच राहतं. वायरमनला बोलावून तपासा, खड्ड्यात पाणी टाका आणि सगळं सामान एकाच बोर्डावरून चालवा. घरघर जावी म्हणून प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका. हातात गिटारची तार आणि ओठाला माइकची जाळी असताना अर्थ नसेल तर माणूस जागच्या जागी जातो. अशा घटना जगभर झाल्या आहेत.

लॅपटॉप बॅटरीवर चालवला की घरघर बरीच कमी होते. लाइन गेली तर इन्व्हर्टर चालेल, पण साइन वेव्हवाला घ्या. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची करकर गिटारच्या पिकअपमध्ये (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागात) उतरते.

सामान

नवं काही घ्यायच्या आधी झाडीपट्टीकडे बघा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात, आणि त्यात वादक समोर बसून वाजवतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मोठं केंद्र. ऑर्गन, ऑक्टापॅड, ढोलक वाजवणारे हे लोक रात्रभर न चुकता साथ देतात. तुमच्या अल्बमला की-बोर्ड किंवा जास्तीचा ताल हवा असेल तर त्यांना विचारा आणि योग्य मानधन द्या. माइक, स्टँड, मिक्सर यांची माहितीही त्यांच्याकडे असते. हंगामात ते मोकळे नसतात, एवढं लक्षात ठेवा.

लागतं ते इतकं: आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारं यंत्र (विकत नको, दोन-तीन दिवस भाड्यानं आणा; गिटार आणि गाण्यासाठी दोन इनपुटचा साधा इंटरफेस पुरतो), ड्रमसाठी चार माइक, एक बरा कंडेन्सर माइक, सगळ्यांना बंद कपाचे हेडफोन. शुअर कंपनीचा एसएम ५७ हा माइक १९६५ पासून बाजारात आहे आणि गिटार ॲम्पसमोर व स्नेअरवर (ड्रमवाल्याच्या पुढ्यातल्या छोट्या ड्रमवर) आजही तोच लावतात. याच कंपनीच्या माइकच्या नकला सर्रास विकल्या जातात, म्हणून फारच स्वस्त मिळाला तर घेऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये रीपर घ्या: ६० दिवस मोफत वापरता येतं, वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आणि जुन्या लॅपटॉपवरही धावतं.

रेकॉर्डिंगच्या रात्री

सॉफ्टवेअर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर लावा. एका ट्रॅकला, म्हणजे एका माइकच्या रेकॉर्डिंगला, मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात. आठ ट्रॅक, चार मिनिटांचं गाणं आणि प्रत्येकाचे पाच टेक (म्हणजे पाच वेळा पूर्ण वाजवणं) धरले तर दहा गाण्यांचे १४ जीबीच्या आसपास होतात. त्यावर गिटार आणि गाणं वेगळं. म्हणजे डिस्कमध्ये निदान ५० जीबी मोकळी हवी. आवाजाची पातळी सगळ्यात मोठ्या ठोक्यालाही उणे दहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

ड्रमपासून सुरुवात करा. कमी माइकमध्ये चांगला ड्रम पकडायची एक जुनी रीत इंग्लंडचे ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावानं ओळखली जाते. एक माइक स्नेअरच्या बरोबर वर, साधारण चार फुटांवर. दुसरा ड्रमवाल्याच्या उजवीकडे, फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या असलेल्या ड्रमच्या) पलीकडून, स्नेअरकडे तोंड करून. तिसरा किकसमोर, चौथा हवा तर स्नेअरजवळ. यातली खरी गोष्ट मोजमापात आहे. एक सुतळी घ्या, तिचं एक टोक ड्रमवाल्याला स्नेअरच्या मध्यावर बोटानं दाबून धरायला सांगा आणि दुसरं टोक वरच्या माइकपर्यंत ताणून तिथे गाठ मारा. आता तीच सुतळी दुसऱ्या माइककडे न्या. गाठ माइकच्या तोंडाशी यायला हवी. चार बोटं पुढे-मागे असेल तर स्टँड सरकवा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दोन्ही माइकपर्यंत स्नेअर वेगवेगळ्या वेळी पोहोचला की दोन्ही ट्रॅक मिळून तो पोकळ, डब्यासारखा वाजतो. सुतळी सारखी जुळली की त्याच स्नेअरला छाती येते. मला या कामातला हा सगळ्यात आवडता क्षण वाटतो. पोट्टे हेडफोन लावून एकमेकांकडे बघायला लागतात.

ड्रम, बेस आणि एक गिटार एकत्र वाजवा, गायकानं सोबत कच्चं गायचं. गिटारचा ॲम्प दुसऱ्या खोलीत ठेवा म्हणजे तो ड्रमच्या माइकमध्ये शिरणार नाही. मेट्रोनोमचा टिकटिक आवाज फक्त ड्रमवाल्याच्या कानात द्या. एका गाण्याचे चार-पाच टेक घ्या आणि पुढच्या गाण्याकडे वळा. त्यापुढे हात थकतात आणि प्रत्येक टेक आधीच्यापेक्षा वाईट येतो. रात्री दोन वाजता 'अजून एक' म्हणणाऱ्याला झोपायला पाठवा.

गिटारला डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी लावा. तालमीत जाड वाटणारा आवाज रेकॉर्डिंगमध्ये नुसती माशांची भणभण होतो. त्याऐवजी तेच वादन दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. कॉपी-पेस्ट करू नका, खरंच दोनदा वाजवा. वाजवण्यातल्या बारीक फरकानंच ती भिंत उभी राहते.

गाणं सगळ्यात शेवटी, वेगळ्या दिवशी, कापसाच्या खोलीत. माइकपासून वीतभर अंतर. मध्ये भरतकामाच्या रिंगीवर ताणलेलं पातळ कापड लावलं की 'प', 'फ', 'भ'चे फटके बसत नाहीत. गायकाला एकट्याला सोडा, दारात गर्दी नको. एकाच दिवशी तीन गाण्यांपेक्षा जास्त गाऊ नका, ओरडून म्हणायचं गाणं शेवटी घ्या.

रोज रात्री उठायच्या आधी सगळ्या फाइलींच्या तीन प्रती झाल्या पाहिजेत: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

मिक्स आणि मास्टर: पैसा इथे घाला

रेकॉर्डिंग गावात झालं. मिक्सिंग, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून एक गाणं करणं, मात्र जमेल तर कानाची तयारी असलेल्या माणसाकडून करून घ्या, जो रॉक ऐकतो आणि ज्याचं आधीचं काम तुम्हाला आवडलंय. समोरासमोर बसायची गरज नाही. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून वेगळी डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून काढा, नावं नीट द्या (किक, स्नेअर, बेस, गिटार डावी), सोबत तुमचा कच्चा मिक्स आणि वेगाचा आकडा पाठवा. गावात नेट रांगत असेल तर पहाटे अपलोड लावा किंवा पेनड्राइव्ह कुरिअर करा. दुरुस्तीच्या किती फेऱ्या मिळणार हे पैसे द्यायच्या आधी लेखी विचारा.

मिक्स आला की तो फोनच्या स्पीकरवर ऐका, इअरफोनवर ऐका, आणि ट्रॅक्टरच्या टेपवर ऐका. आपल्याकडे गाणी तिथेच वाजतात, इंजिन सुरू असताना. तेव्हाही शब्द कळले पाहिजेत. दुरुस्त्या चौघांनी एकत्र बसून एकाच यादीत लिहा. चौघांचे चार वेगळे मेसेज गेले की मिक्सवाला वैतागतो आणि काम बिघडतं.

मास्टरिंग, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यांवरचा शेवटचा हात, शक्यतो तिसऱ्या माणसाकडून, ताज्या कानानं. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) या पातळीला आणून वाजवतं, त्यामुळे 'सगळ्यात मोठा आवाज आमचाच' यात काही मिळत नाही. उलट चढ-उतार चेपले जातात, आणि तुमच्या संगीताचा जीव तर तिथेच आहे. कमाल पातळी उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

कागद: रिलीजच्या आधी, नंतर नाही

बँड फुटतात ते बहुतेक पैशावरून, आणि पैसा थोडा असला तरी. प्रत्येक गाण्याच्या पानावर लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के कुणाचे. सगळ्यांनी सह्या करा. चाल सगळ्यांनी मिळून केली असेल तर समान वाटा लिहा.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. गाणं लिहून किंवा रेकॉर्ड होऊन ठरलं की हक्क तुमचा झाला, नोंदणी सक्तीची नाही. पुराव्यासाठी करायची असेल तर शब्द किंवा चालीला प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २००० रुपये शुल्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा काढून घेता येत नाही. 'एकदाच पैसे घ्या आणि सगळं आमच्या नावावर करा' असं म्हणणाऱ्या कंपनीलासुद्धा तो वाटा लिहून घेता येत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. करार आला तर या दोन ओळी आधी शोधा. गीतकार आणि संगीतकारांनी १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं. सार्वजनिक वादन आणि स्ट्रीमिंगमधली लेखकांची रॉयल्टी तिथून येते.

आता आपल्या भागातला एक नेहमीचा प्रश्न. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन खंजिरीसोबत रॉकमध्ये करावं असं अनेकांना वाटतं, आणि ते जबरदस्त वाजेल यात शंका नाही. पण महाराजांचं निधन १९६८ चं. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०२८ संपेपर्यंत परवानगीचा प्रश्न येतो. आधी लेखी विचारा. सुरेश भटांची गझल घ्यायची असेल तर, ते २००३ मध्ये गेले, म्हणजे २०६३ अखेरपर्यंत हक्क त्यांच्या वारसांकडे किंवा ज्यांना दिला असेल त्यांच्याकडे आहे. तुकाराम महाराजांच्या अभंगाच्या शब्दांना असं बंधन नाही, पण कुणी आधुनिक संगीतकारानं लावलेली चाल घेऊ नका, स्वतःची बांधा.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या परंपरेच्या आहेत, त्या गायला कुणी अडवत नाही. पण आजीचा आवाज रेकॉर्ड करून अल्बममध्ये घातला तर त्या गाण्यावर तिचा कलाकार म्हणून हक्क आहे, तोही ५० वर्षांचा. दंडार किंवा खडी गंमत या लोकनाट्यांतल्या शाहिराचं स्वतः रचलेलं कवन असेल तर ते त्याचंच. कायदा बाजूला ठेवला तरी नाव छापणं आणि मानधन देणं हे आपलं काम आहे. एका कागदावर साध्या मराठीत लिहा: कोणतं गाणं, कशासाठी, किती पैसे. वाचून दाखवा आणि मग सही किंवा अंगठा घ्या.

रिलीज

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक यांच्याकडे कलाकाराला थेट गाणं देता येत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. काहीजण वर्षाचे पैसे घेतात, काही एका अल्बमचे एकदाच, काही मोफत चढवून मिळकतीतला हिस्सा ठेवतात. पहिल्या अल्बमला मी हिस्सा देणारी किंवा एकदाच पैसे भरायची सोय सुचवतो, कारण वर्षाचे पैसे भरायचे राहिले तर काही ठिकाणी गाणीच उतरवली जातात. खातं कुणाच्या नावावर, पॅन आणि बँक कुणाची, हे आधीच्या कागदात लिहिलेलं हवं.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरी कोड असतो, डिस्ट्रिब्युटर तो बहुधा मोफत देतो. तो वहीत उतरवून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदलला तर तोच कोड द्यायचा, म्हणजे जुने ऐकल्याचे आकडे टिकतात. मुखपृष्ठ चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा वेबसाइट नको, नाहीतर परत येतं. भाषा 'मराठी' निवडा. गाण्यांची नावं देवनागरीत द्या, पण बँडचं नाव असं ठेवा की रोमन अक्षरांत टाइप केलं तरी एकाच पद्धतीनं लिहिलं जाईल. आधी शोधून बघा, त्याच नावाचा दुसरा बँड असला की तुमची गाणी त्याच्या पानावर जाऊन बसतात.

जगभर नवीन संगीत शुक्रवारी येतं, १० जुलै २०१५ पासून तशी रीत पडली आहे. फाइली निदान चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या खात्यातून संपादकांकडे एक गाणं पाठवता येतं. ते रिलीजच्या किमान सात दिवस आधी पाठवलं तर तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या यादीत नक्की जातं. गाण्याबद्दल लिहायची जागा असते, तिथे नेमकं लिहा: कुठलं गाव, कुठली बोली, ड्रम कुठल्या हॉलमध्ये वाजले. अल्बमच्या आधी दोन गाणी महिन्या-महिन्यानं सुटी सोडा. पूर्ण अल्बम एकदम टाकला तर पहिल्या दोन गाण्यांपुढे फारसं कुणी जात नाही.

२०२४ पासून स्पॉटिफायवर एका गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी सुरू होत नाही. ते बघून पैसे घेऊन ऐकणारे विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. खोटे आकडे पकडले की गाणं काढून टाकतात. एक हजार हा आकडा तुमच्या तालुक्यातून खरा निघू शकतो.

गावात पोहोचवा

तालुक्याच्या मोबाइल दुकानात आजही मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देतात. त्या दुकानदाराला स्वतः जाऊन तुमच्या एमपी३ द्या, फाइलमध्ये बँडचं नाव आणि मुखपृष्ठ भरलेलं असू द्या. ट्रॅक्टरवाले, काळी-पिवळीवाले, लग्नाचे डीजेवाले तिथूनच गाणी नेतात. त्यातून रॉयल्टी मिळत नाही, पण पुढच्या कार्यक्रमाला माणसं तिथूनच येतात.

अल्बमचा पहिला कार्यक्रम गावातच करा. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद असतो, हा २००० सालचा नियम आहे आणि परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात आधी द्यावा लागतो. फेब्रुवारी-मार्च टाळा, पोरांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ चांगली: लेकरं लाकडी बैल घेऊन बाहेर आलेली असतात, अख्खं गाव रस्त्यावर असतं. पाऊस धरून मंच झाकलेला ठेवा. अल्बममधली चार-पाच गाणीच वाजवा, आणि ज्या आजीच्या ओव्या घेतल्या, ज्यांचा कापूस झाकून तुम्ही गायलात, त्यांची नावं मंचावरून घ्या.

रिलीजनंतरच्या आठवड्यात तीन कामं राहतात. सगळी गाणी आयपीआरएसमध्ये वहीतल्या टक्केवारीप्रमाणे नोंदवा. प्रत्येक प्लॅटफॉर्मवर नावं आणि शब्द बरोबर दिसतात का ते एकदा उघडून बघा. आणि सगळे मूळ ट्रॅक, रीपरच्या फाइली आणि वहीच्या पानांचे फोटो एका नव्या डिस्कवर टाकून ती ड्रमवाल्याच्या घरी न ठेवता दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. दोन वर्षांनी कुणी एखाद्या चित्रपटासाठी गायकाच्या आवाजाशिवाय नुसतं संगीत मागितलं, तर तेव्हा तीच डिस्क लागेल.